काँक्रीट तुडवणारे पाय
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'औद्योगिक वारसा' हा जड विषय तुम्ही माझ्या गळ्यात मारलात. ठीक आहे. पण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? किल्ला येतो, राजवाडा येतो, कुणाच्या तरी सात पिढ्यांचा वाडा येतो. कारखाना येत नाही. वीजघर तर नाहीच नाही. कारखाना बंद पडला की यंत्रं भंगारात जातात, जागेचा सौदा होतो आणि राबलेली माणसं हिशेबातून गायब होतात. म्हणून मी मुद्दाम एका वीजघरावर बोलणार आहे. ते इथलं नाही, युक्रेनमधलं आहे. नीपर नदीवरचं, झापोरिझिया शहरातलं. रशियन भाषेत त्याला द्नेप्रोगेस म्हणायचे, युक्रेनी भाषेत द्निप्रोहेस म्हणतात. झापोरिझिया म्हटल्यावर पेपरात वाचलेली अणुभट्टी आठवली असेल, ती वेगळी. ती खाली नदीकाठी दुसऱ्या गावात आहे. मी सांगतोय ते पाण्यावर चालणारं, १९३२ सालचं.

एवढ्या लांबचं कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. लोकवाङ्मय गृहाच्या स्टॉलवर सोव्हिएत पुस्तकं मिळायची. गुळगुळीत कागद, किंमत चहापाण्याची. ट्रॅक्टर, धरण, हसणारा कामगार. आपल्या लोकांनी ती चाळली, त्यांची स्वप्नं पाहिली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली तो देश डोळ्यांनी पाहून आले आणि त्यावर लिहिलंही. तेव्हा त्या चित्राशी आपलं जुनं देणंघेणं आहे. चित्रातला कामगार हसत होता, पण त्याचे पाय कधी दाखवले नव्हते. मला आज त्या पायांबद्दल बोलायचंय.

आधी काळ समजून घ्या. १९२० साल. झार गेलेला, गृहयुद्ध चालू, गाड्या बंद, शहरात खायला नाही. अशा वेळी लेनिननं देशभर वीज न्यायची योजना मांडली. क्रझिझानोव्हस्की नावाचा इंजिनियर त्या आयोगाचा प्रमुख. गोएलरो हे त्या योजनेचं नाव. दहा-पंधरा वर्षांत तीस वीजघरं, वीस कोळसा, पीट असल्या जळणावरची आणि दहा पाण्यावरची. डिसेंबरात सोव्हिएतांच्या काँग्रेसपुढं मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहात देशाचा नकाशा टांगला आणि प्रत्येक वीजघराच्या जागी दिवा लावला. सांगतात की तेवढे दिवे पेटवण्यासाठी बाकीच्या मॉस्कोची वीज तोडावी लागली. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण देश किती अंधारात होता ते तिच्यातून कळतं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स त्याच वर्षी लेनिनला भेटून गेला. त्याला हे सगळं शेखचिल्लीचं स्वप्न वाटलं. निरक्षर शेतकऱ्यांच्या देशात वीज कसली, असा त्याचा सूर. शिकलेल्या माणसाला अडाण्याच्या हातून काही होईल हे पटतच नाही. हा रोग एकट्या इंग्रजांचा नाही.

वेल्स चुकला, हे आधी मोकळेपणानं सांगून टाकतो. कारण पुढं मी त्या सत्तेबद्दल बरंच कडू बोलणार आहे. ते ऐकून कुणी असं समजू नये की अंधारच बरा होता. अंधार कधीच बरा नसतो. अंधारात कोण राबतं आणि कुणाच्या घरात समई जळते, हे काय तुम्हाला सांगायचं?

आता नदी. कीव्हकडून काळ्या समुद्राकडं जाताना नीपर मध्येच खडकात शिरायची. नऊ मोठे धबधबे, मैलोगणती खडकाळ पात्र. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राटानं आपल्या ग्रंथात त्यांची नावं लिहून ठेवली आहेत, इतके ते जुने आणि इतके बदनाम. व्यापारी तिथं होड्या खांद्यावर घेऊन काठानं चालायचे. सगळ्यात दांडग्या धबधब्याचं नाव नेनासितेत्स, म्हणजे कधी पोट न भरणारा. जमीनदारांच्या जाचातून पळालेली कुळं धबधब्यांच्या खाली येऊन राहायची, कारण तिथवर सरदाराचा हात पोचत नसे. कोसॅक म्हणतात ते हे लोक. झापोरिझिया या नावाचा अर्थच मुळी 'धबधब्यांपलीकडचा मुलूख'.

इव्हान अलेक्सांद्रोव्ह या इंजिनियरनं आराखडा केला की धबधब्यांच्या खाली एकच मोठी भिंत घालायची. पाणी सदतीस मीटरच्या आसपास चढेल, सगळे धबधबे बुडतील, जहाजं वरून जातील आणि वीज मिळेल ती वेगळीच. १९२७ साली काम सुरू झालं. विंटर नावाचा इंजिनियर बांधकामाचा प्रमुख होता. सल्लागार म्हणून अमेरिकेतून ह्यू कूपर आणला, तिकडं मोठमोठी धरणं बांधलेला माणूस. टर्बाइनं अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत घडली. नऊ जनित्रांपैकी पाच जनरल इलेक्ट्रिकची, उरलेली चार लेनिनग्राडच्या कामगारांनी स्वतः बनवली. भांडवलशाहीला गाडायला निघालेल्या सत्तेनं भांडवलदाराचंच यंत्र आणलं, म्हणून काही जण दात काढतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. यंत्र ज्याच्याकडं असेल त्याच्याकडून घ्यावं, शिकावं, मग आपलं बनवावं. चार जनित्रं बनवली की नाही त्यांनी?

पण यंत्र येईपर्यंत आणि आल्यावरही माती कुणी उपसली? आपल्याकडं वडार गाढवं घेऊन कामावर जातात, तसे तिकडं ग्राबारी होते. माती वाहणारे. स्वतःचा घोडा, स्वतःची गाडी, अख्खं कुटुंब कामाच्या मागं. त्यांच्याखेरीज गावोगावचे शेतकरी, शेतावरून हुसकलेली पोरं, कधी रेल्वे न पाहिलेल्या बाया, हे सगळे हजारोंनी आले. लाकडी बराकीत राहिले. थंडी अशी की नदी गोठायची. पावाला रेशनकार्ड. पुष्कळ जण टिकतच नसत, काही महिने काम करायचे आणि निघून जायचे. त्यांच्या जागी नवे. अमेरिकन इंजिनियरांची वसाहत वेगळी, पक्क्या विटांची. मजूर बराकीत आणि साहेब बंगल्यात, हे तिथंही सुटलं नव्हतं. त्याच वेळी त्या बराकीतच रात्रीचे वर्ग चालत. हातात पाटी-पेन्सिल न धरलेली माणसं तिथं अक्षर शिकली, कुणी क्रेनवर चढलं, कुणी फिटर झालं. बाया मोटारी चालवायला शिकल्या. हेही खरं आहे. एकच बाजू सांगणारा माणूस दुकानदार असतो, त्याच्याकडून इतिहास घेऊ नका.

आणि काँक्रीट. इथं जरा थांबतो. लाकडी साच्यात ओलं काँक्रीट पडलं की त्यात हवा अडकते. हवा राहिली की आत पोकळी राहते, पोकळीतून पाणी झिरपतं, एक दिवस भिंत जाते. आज त्यासाठी व्हायब्रेटर लावतात. नीपरवर ते काम पायांनी झालं. टोळ्याच्या टोळ्या साच्यात उतरायच्या, त्यात तरुण पोरी पुष्कळ. रबरी बूट घालून तासन्‌तास तुडवत राहायच्या. घर बांधताना चिखल तुडवतात ना, अगदी तसं. चिखल तुडवून ज्याच्या पिंढऱ्या भरून आल्यात त्यालाच कळेल मी काय बोलतोय. डाव्या काठाच्या आणि उजव्या काठाच्या टोळ्यांत चढाओढ लावलेली होती. १९३० च्या एका हंगामात पाच लाख घनमीटरच्या वर काँक्रीट पडलं. जगाचा विक्रम म्हणून तो मिरवला. सातशे साठ मीटर लांब भिंत, सत्तेचाळीस दरवाजे. त्या भिंतीच्या पोटात पोरींच्या पावलांचे ठसे आहेत, असं म्हटलं तर ते काव्य नव्हे, तशी कामाची रीतच होती.

१ मे १९३२ ला पहिलं यंत्र फिरलं. १० ऑक्टोबरला उद्घाटन. कूपरसकट सहा अमेरिकनांना श्रमाचा लाल झेंडा हा मोठा सन्मान मिळाला. नऊही यंत्रं बसल्यावर ताकद झाली साडेपाच लाख किलोवॉट. तुलनेला सांगतो, १९१३ साली सगळ्या झारशाही मुलखात मिळून विजेची ताकद अकरा लाख किलोवॉट होती. म्हणजे अख्ख्या साम्राज्याच्या निम्मी ताकद या एका भिंतीतून. युरोपात त्या वेळी एवढं मोठं जलविद्युत केंद्र नव्हतं. त्या विजेवर शेजारी पोलादाचा कारखाना उभा राहिला, ॲल्युमिनियमचा राहिला.

आता कडू भाग. परदेशी यंत्रांचे पैसे सोव्हिएत सरकारनं कशातून दिले? त्यात मोठा वाटा परदेशात विकलेल्या धान्याचा. धान्य कुणाचं? शेतकऱ्याचं. उद्घाटनाच्या दोन महिने आधी, ७ ऑगस्ट १९३२ ला कायदा आला की सामूहिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी, नाहीतर दहा वर्षं तुरुंग. शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्यांनाही तो लागू केला. उद्घाटनानंतरच्या महिन्यात युक्रेनमधली धान्य न देणारी गावं काळ्या यादीत टाकायला सुरुवात झाली. काळ्या यादीत गाव गेलं की त्या गावाला दुकानातला माल बंद, मीठ बंद, काडेपेटी बंद. जानेवारी १९३३ मध्ये भुकेल्यांना मुलूख सोडून जायलाही बंदी झाली. युक्रेनमध्ये त्या दुष्काळानं पस्तीस लाखांच्या वर माणसं मारली, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. पाऊस पडला नाही म्हणून आलेला हा दुष्काळ नव्हता, तो सरकारनं पाडला होता. ज्या गावांनी काँक्रीट तुडवायला पोरी पाठवल्या त्याच मुलखात चुली विझल्या. एकीकडं दिवे लागले, दुसरीकडं चूल विझली, आणि दोन्हींवर सही एकाच सत्तेची.

आपल्यातले काही डावे मित्र इथं अस्वस्थ होतात. म्हणतात, शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका. मी म्हणतो, मेलेल्या शेतकऱ्याचा हिशेब मागणं हे कोलीत असेल तर ते माझ्या हातात राहू द्या. कष्टकऱ्यांचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या सत्तेला तर दुप्पट जाब विचारला पाहिजे.

पाण्याखाली काय काय गेलं तेही बघा. धबधबे गेले. काठावरची गावं गेली. जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट शेतकऱ्यांचं आइनलागं हे शे-दीडशे वर्षांचं गाव गेलं. याव्होर्नित्स्की नावाचा म्हातारा इतिहासकार, कोसॅकांच्या अभ्यासात आयुष्य घातलेला. पाणी चढायच्या आत जेवढं वाचेल तेवढं वाचवायला तो माणसं घेऊन काठाकाठानं खणत होता. भांडी, हत्यारं, थडगी गोळा करत होता. एकीकडं भिंत वर चढतेय आणि दुसरीकडं एक म्हातारा बुडणाऱ्या जमिनीतून मडकी काढतोय. औद्योगिक वारसा म्हणजे काय, असं मला विचाराल तर यातली दोन्ही दृश्यं आलीच पाहिजेत. भिंत तेवढी वारसा आणि मडकी म्हणजे अडगळ, असं नाही.

इमारतीबद्दल थोडकंच सांगतो, मी काही वास्तुतज्ज्ञ नाही. व्हिक्टर व्हेस्निन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्रघर रचलं. खांबांचं, कमानींचं, देवादिकांचं सोंग नाही. लांबच्या लांब सरळ भिंत, लांबच्या लांब काच, आतली यंत्रं बाहेरून दिसावीत अशी. जवळच कामगारांची नवी वसाहत उभारली, सहावी वस्ती म्हणतात तिला. घरात उजेड येईल, हवा खेळेल, मध्ये झाडं असतील अशी मांडणी. बायांची चुलीतून सुटका व्हावी म्हणून सामुदायिक स्वयंपाकघर. सगळ्यांना ती घरं मिळाली असं नाही, बराकीतले पुष्कळ बराकीतच राहिले. पण मजुराच्या घरालाही खिडकी मोठी पाहिजे, हा विचार कुणीतरी कागदावर काढला आणि विटांत उतरवला. ती घरं आजही उभी आहेत.

नऊ वर्षं नाही झाली तोच युद्ध आलं. १८ ऑगस्ट १९४१. जर्मन फौजा नदीच्या पलीकडच्या काठाला भिडल्या. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वरच्या हुकुमानं भिंतीत वीस टन स्फोटकं भरली आणि उडवून दिली. शंभर मीटरहून मोठं भगदाड. पाण्याचा लोंढा खालच्या गावांवर गेला, नदी ओलांडणाऱ्या स्वतःच्याच सैनिकांवर गेला. खाली कुणाला कळवलं नव्हतं. किती मेले यावर आजही इतिहासकारांत वाद आहे, काही हजारांपासून एक लाखापर्यंत आकडे सांगितले जातात. आकड्यांत एवढा फरक का? कारण कुणी मोजलेच नाहीत. धरणाचं काँक्रीट घनमीटरवर मोजलं होतं, माणसं मोजायला मात्र वही नव्हती.

मग जर्मनांनी भिंत दुरुस्त करून वीज चालू केली आणि १९४३ च्या शेवटी पळताना तेही ती उडवून गेले. १९४४ मध्ये पुन्हा उभारणी सुरू झाली. पुरुष आघाडीवर, नाहीतर मातीत. म्हणून या वेळी तर काम मुख्यतः बायांनीच केलं. आधी न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग काढायचे, मग मोडका ढिगारा, मग पुन्हा काँक्रीट. अमेरिकेहून पुन्हा यंत्रं आली. मार्च १९४७ मध्ये पहिलं यंत्र फिरलं, १९५० मध्ये सगळी फिरली. म्हणजे ते वीजघर दोनदा बांधलं गेलं आणि दोन्ही वेळी त्यात बायांचे हातपाय आहेत. आणि नाव? नाव लेनिनचं.

शहराच्या लांबलचक मुख्य रस्त्याच्या टोकाला, धरणाच्या बाजूला, लेनिनचा प्रचंड पुतळा होता. हात धरणाकडं केलेला. हे बघा, मी केलं, असा. २०१५ साली युक्रेननं सोव्हिएत खुणा हटवायचे कायदे केले, मार्च २०१६ मध्ये तो पुतळा उतरवला. मला त्याचं दुःख नाही. पण उतरवणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. त्या हातानं दाखवलेली भिंत बांधणाऱ्या पोरीचं नाव त्या जागी आलं का? पुतळा काढणं एका दिवसाचं काम, क्रेन आणली की झालं. मजुरांच्या यादीतून, हजेरीपटातून, बराकीच्या नोंदीतून नावं काढणं हे वर्षांचं काम.

दुसऱ्या बाजूचं तर बोलायलाच नको. मॉस्कोतले आजचे सत्ताधारी उठता बसता सोव्हिएत वैभवाचे वारस म्हणून मिरवतात. युक्रेनमधलं सगळं आम्हीच बांधलं, म्हणतात. आणि २२ मार्च २०२४ ला त्याच वीजघरावर त्यांनी क्षेपणास्त्रं टाकली. जुनं यंत्रघर आणि १९७० नंतर शेजारी बांधलेलं दुसरं, दोन्ही बंद पडली. त्या वर्षी जूनमध्ये पुन्हा हल्ला. वारस म्हणवणाऱ्यानं बापाच्या घरावर तोफ लावली. आपल्या आज्यांनी तुडवलेलं काँक्रीट आहे, हे बटण दाबणाऱ्याला कुणी शिकवलं नसणार. सोव्हिएत पुस्तकातल्या त्या गुळगुळीत पानावर पाय दाखवले नव्हते, त्याची ही फळं.

मधे आणखी एक घडलं, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. या धरणाच्या खाली काखोव्हका नावाचं दुसरं धरण होतं, १९५० च्या दशकातलं. रशियन फौजेच्या ताब्यात असताना ६ जून २०२३ ला ते फुटलं. माणसं मेली, शेतं गेली, खालच्या गावांचं पिण्याचं पाणी तुटलं. मागचा प्रचंड जलाशय रिकामा झाला. आणि झापोरिझियाच्या जवळ उघड्या पडलेल्या गाळात काय सापडलं? ओकच्या एका खोडातून कोरलेली जुनी होडी. जिथं पाणी होतं तिथं विलोची झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. आता तिकडं वाद चालू आहे की काखोव्हका पुन्हा बांधायचं की ते जुनं रान तसंच ठेवायचं. दोन्हीकडं बोलणारी माणसं प्रामाणिक आहेत. शहराला पाणी पाहिजे, शेताला पाहिजे, आणि पुरलेला इतिहास पुन्हा पुरू नये असंही वाटतं. आपण इथं बसून निवाडा द्यायचं कारण नाही.

पण नीपरच्या वीजघराबद्दल माझं मत पक्कं आहे. ते पाडू नये, ते देवळासारखं पुजूही नये. ते चालू ठेवावं. वीजघराचा वारसा वीज काढण्यात आहे, काचेच्या पेटीत नाही. युक्रेनचे कामगार बॉम्बच्या सावटात दुरुस्तीला उभे राहिले, त्याहून चांगलं जतन मला माहीत नाही. आणि भिंतीशेजारी सगळा हिशेब लिहावा. अलेक्सांद्रोव्ह, विंटर, कूपर, व्हेस्निन ही नावं राहू द्यात, त्यांनी काम केलंय. त्यांच्याच उंचीवर ग्राबारी लिहा. काँक्रीट तुडवणाऱ्या लिहा. काळ्या यादीतली गावं लिहा, आइनलागं लिहा. १८ ऑगस्ट १९४१ ची तारीख लिहा आणि हुकूम कुणाचा होता तेही लिहा. १९४४ च्या बाया लिहा.

धरणाच्या माथ्यावरून रस्ता जातो, शहराचे दोन काठ जोडणारा. मार्च २०२४ च्या त्या हल्ल्यात तिथून जाणारी एक ट्रॉलीबस जळाली. चालवणारा गेला. त्याचंही नाव तिथं यायला पाहिजे.

मी बराच बोललो. आता तुम्ही विचारा.